जीडीपीच्या गावाला तीन दिवस

बार्शीच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, आणि त्यातला बराच काळ एकाच रेघेवर काढला. ती रेघ म्हणजे देशाचं स्थूल देशांतर्गत उत्पादन. नाव एवढं भारदस्त की मागच्या बाकावरची मुलं नुसतं ऐकूनच पेंगायची, म्हणून मी आपलं जीडीपी म्हणायचे. देशात वर्षभरात जे जे तयार झालं आणि विकलं गेलं त्याची बेरीज. स्वातंत्र्यानंतर चाळीसेक वर्षं ही रेघ बैलगाडीच्या चालीनं गेली, एक्क्याण्णवनंतर तिला घाट चढायचं बळ आलं, कोरोनाच्या वर्षी ती खड्ड्यात पडली आणि कपडे झटकून पुन्हा चढायला लागली. हे सगळं मी इतक्या अभिमानानं सांगायचे की जणू मीच मागून ढकलत होते.

निवृत्त झाल्यावर ध्यानात आलं, की ही बया प्रत्यक्षात राहते कुठे ते आपण पाहिलेलंच नाही. बार्शीला तिचं येणंजाणं बेताचंच. माझा भाचा प्रसाद पुण्याजवळ वाकडला संगणकाच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, "मावशी, तू ये तर खरी. इथे नुसता विकास चाललाय." दुसरं आमंत्रण रेणुकाचं. बारा वर्षांपूर्वी बारावीला माझ्या विषयात पहिली आलेली पोर. पुढे शिकायची होती. लग्न झालं, नवऱ्यामागे मोशीला गेली आणि चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत कंत्राटावर लागली. ती फोनवर म्हणायची, "बाई, तुम्ही शिकवलेलं सगळं इथंच होतंय. या, आतून दाखवते."

तेव्हा एका पिशवीत शेंगाचटणी, दुसरीत कडक भाकरी घेऊन मी देशाच्या प्रगतीला भेटायला निघाले.

वाकड

प्रसादचं घर एकविसाव्या मजल्यावर आहे. इतक्या उंचावरून खाली पाहिलं की माणसं दिसत नाहीत, फक्त गाड्या दिसतात. विकास पाहायचा तर हीच उंची योग्य असावी.

सकाळी मी पोहे करायला उठले. घरात पोहे नव्हते. कढई होती, पण तिच्यात कुंडी ठेवली होती. प्रसादची बायको कामासाठी बंगळूरला गेलेली, आणि ती असती तरी कढई कुंडीलाच होती असं प्रसादनं प्रांजळपणे सांगितलं. त्यानं फोनवर बोट फिरवलं आणि दहा मिनिटांत एक घामाघूम माणूस डब्यातले पोहे घेऊन दारात हजर झाला. पोहे गार होते. पण मला विषयाची गोडी असल्यानं मी ते भक्तिभावानं खाल्ले. मी घरी पोहे केले असते तर माझ्या कष्टांची देशाच्या हिशेबात दमडीची नोंद झाली नसती. हे गार पोहे मात्र थेट जीडीपीत गेले.

खाली फाटकापाशी पाण्याच्या टँकरची रांग लागली होती. आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी येतं आणि आम्ही त्याला टंचाई म्हणतो. इथे रोज टँकर विकत येतो आणि सोसायटीच्या नावात 'रॉयल' असतं. विहिरीतून शेंदलेली घागर जीडीपीत धरत नाहीत, टँकरमधली धरतात. म्हणजे विहिरी आटल्या की देश वाढतो. हा मुद्दा आमच्या पाठ्यपुस्तकात फार आडून आला होता; इथे तो रांगेत उभा राहून हॉर्न वाजवत होता.

टँकर बघून पाय मोकळे करायला बाहेर गेले आणि अर्ध्या तासानं परतले, तर वॉचमननं अडवलं.

"आजी, अ‍ॅपवर तुमची एंट्री नाय."

"अरे, मघाशी बाहेर जाताना तूच सलाम ठोकलास ना मला?"

"जायला अ‍ॅप लागत नाय. यायला लागतं."

प्रसाद मीटिंगमध्ये, फोन उचलेना. शेवटी वॉचमननंच आपली खुर्ची दिली, कटिंग चहा मागवला आणि मी तासभर फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या पार्सलांना सलाम ठोकला. पार्सलांची एंट्री होती. ज्याची नोंद नाही ते नाहीच, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. ते ऐकताना कसं वाटतं, हे मात्र प्रथमच कळलं.

मोशी

दुसऱ्या दिवशी प्रसादनं मला मोशीला रेणुकाच्या दाराशी सोडलं. वळण चुकलं म्हणून आधी मोशीपुढच्या इंद्रायणीच्या पुलापर्यंत गेलो. नदीवर पांढराशुभ्र फेस तरंगत होता, जागोजागी कापसाचे ढीग ओतल्यासारखा. मी गाडी थांबवून पाहत राहिले. प्रसाद म्हणाला, "काच वर कर, वास येतो." एवढीच माहिती त्याला होती.

रेणुका तात्यांच्या इमारतीत भाड्यानं राहते. तात्या म्हणजे मोशीचे जुने शेतकरी. सत्तरीचे, पांढरी टोपी, पांढरा लेंगा आणि हातात गाडीची किल्ली. पूर्वी जिथे त्यांचा कांदा व्हायचा, तिथे आता एकाला एक लागून तीन मजली खोल्या आहेत. दारातच त्यांनी ओळख करून दिली. "आमी आधी कांदा लावायचो, आता भाडेकरू लावतो. दोन्हीला पानी लागतंय, बाई."

रेणुकानं दार उघडलं ते डाव्या हातानं. उजवा हात मनगटापर्यंत पट्टीत होता.

"काय गं हे?"

"बसा तर आधी," ती म्हणाली. मग पाणी दिलं, पंखा लावला, मी आणलेली चटणी फडताळात ठेवली, सगळं डाव्या हातानं. आणि मग माझ्यासमोर भुईवर बसून सांगितलं. सहा दिवस झाले होते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मुळापासून गेली होती.

ती प्रेसवर काम करते. पत्रा ठेवायचा, दोन हातांनी दोन बटणं दाबायची, वरून ठोकळा आदळतो आणि पत्र्याला आकार येतो. बटणं दोन अशासाठी, की ठोकळा खाली येताना दोन्ही हात बाहेर असावेत. "पण बाई, एक बटण चिकटपट्टी लावून दाबूनच ठेवलं होतं. मग एका हातानं बटण, दुसऱ्यानं पत्रा. तासाला नग जास्त निघतात. सगळ्याच प्रेसना तसंच होतं."

वर्गात 'उत्पादकता' म्हणून जो शब्द मी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढायचे, तो या चिकटपट्टीवर उभा होता.

"मला कळवलं का नाहीस?"

"कळवलं असतं तर तुम्ही आला असता का कंपनी बघायला?" ती हसली. मग हसू गेलं. "अशा वेळी माणूस आलेलं बरं वाटतं, बाई. हे तर लोडिंगच्या ड्युटीवर जातात. दिवसभर मी आणि हा हात."

दुपारचं जेवण तात्यांकडे होतं. त्यांच्या सूनबाईंनी दोन तास खपून मासवडी केली होती. बेसनाच्या वड्या, आत तिळाखोबऱ्याचं सारण, वर काळा रस्सा आणि बाजरीची भाकरी. आम्ही बार्शीकर शेंगदाण्यापुढे जगात काही मानत नाही, पण त्या रश्शापुढे मी मान तुकवली. सूनबाईंचे हे दोन तासही देशाच्या बेरजेत कुठे दिसणार नाहीत, असं मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "देशाचं जाऊ द्या, घरातबी दिसत न्हाईत."

हात धुतल्यावर तात्यांनी खिशातून एक घडीचा कागद काढला. तेव्हा मला कळलं, की रेणुका ज्या कंत्राटावर कामाला होती ते तात्यांच्या थोरल्या मुलाचंच. तोच कंपनीला माणसं पुरवतो.

"बाई, तुमी शिकलेल्या. हिला जरा सांगा. सही केली की दवाखान्याचं कंपनी बघंल, वर कायतरी मदतपन करंल. न्हाई केली तर थोरल्याचं कॉन्ट्रॅक्ट जातंय."

मी कागद वाचला. लिहिलं होतं, की सौ. रेणुका हिला राहत्या घरी, सकाळी दहाच्या सुमारास, मिक्सरमध्ये चटणी वाटत असताना इजा झाली. याला कंपनी जबाबदार नाही.

एकतीस वर्षं मी शिकवत आले, की घरातलं बाईचं काम कुठल्याही सरकारी कागदावर येत नाही. आज प्रथमच एक कंपनी तिच्या चटणी वाटण्याची लेखी नोंद करायला तळमळत होती.

रेणुका शांतपणे म्हणाली, "तात्या, माझ्याकडे मिक्सर नाही. पाटा-वरवंटा आहे."

तात्या विचारात पडले. संध्याकाळी त्यांचा माणूस एक खोकं घेऊन आला. आत कोरा करकरीत मिक्सर होता, तीन भांड्यांचा.

खोक्याकडे पाहून आधी मला हसू आलं आणि मग राग. रेणुका मात्र म्हणाली, "तात्या वाईट नाहीत, बाई. लॉकडाऊनला कंपनी बंद पडली तेव्हा त्यांनी भाडं मागितलं नाही, वर पोतंभर कांदा दिला. दोन महिने कांदा-भाकरीवर होतो आम्ही. तुमच्या त्या रेघेत आमच्या वेळी खड्डा नव्हता ना?"

"तुझ्यानंतर पडला."

"मी होते की त्यात," ती म्हणाली.

रात्री झोपताना मी विचारलं, सही करणार का. ती म्हणाली, "कामगार विमा आहे माझा. कामावर अपघात झाला असं लागलं तर जन्मभर काहीतरी मिळेल. घरी झाला असं लागलं तर हा मिक्सर." मग थोड्या वेळानं, "आणि खोटं कशाला लिहायचं? एवढं दुखलं त्याचं."

चाकण

सकाळी तात्यांच्याच पांढऱ्या गाडीतून आम्ही चाकणला निघालो. रेणुकानं त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, की सही करायची की नाही ते मी साहेबांसमोरच बोलेन. तात्या हो म्हणाले. त्यांना वाटलं, साहेबांसमोर पोर नरमेल.

चाकणचा चौक बघण्यासारखा आहे, आणि बघायला वेळही भरपूर मिळतो. कारखान्यातून निघालेल्या कोऱ्या गाड्या ट्रेलरवर बसून जुन्या गाड्यांच्या मागे उभ्या होत्या. सगळ्यांची इंजिनं चालू. जागच्या जागी जळणारं ते सगळं डिझेल विकत घेतलेलं होतं, म्हणजे आम्ही कुणी हलत नसलो तरी देश पुढे जात होता.

कंपनीच्या फाटकाशी एक मोठा हिरवा फलक होता. 'अपघाताविना दिवस', आणि पुढे तीन आकड्यांच्या पाट्या. वॉचमननं आमच्या देखत शेवटची पाटी काढून पुढच्या आकड्याची अडकवली. रेणुका पट्टीतला हात घेऊन त्या फलकाखालून आत गेली.

एचआरचे साहेब तिशीचे, इस्त्रीचा शर्ट, आवाज मधाळ. त्यांनी रेणुकाला 'ताई' म्हटलं, मला 'मॅडम' म्हटलं आणि चहा सांगितला. बोलण्यातून कळलं, की ज्या मोठ्या कंपनीला हे भाग जातात तिचे लोक पुढच्या आठवड्यात तपासणीला येणार होते. हिरव्या फलकाला फार महत्त्व होतं.

मी शिक्षकी पेशाला जागून सुरुवात केली. कामगारांचे हक्क, मालकाची जबाबदारी, विकास म्हणजे नेमकं काय, सगळं काढलं. साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, साखर किती?"

मग रेणुका बोलली. आवाज वर्गात उत्तर द्यायची तसाच, खालच्या पट्टीतला.

"साहेब, त्या दिवशीचं माझं पंचिंग बघता का?"

"कशाला, ताई?"

"बघा तरी."

साहेबांनी संगणकात पाहिलं. सकाळी सातच्या आत तिनं अंगठा लावल्याची नोंद होती. बाहेर जाताना अंगठा लावल्याची नव्हती. तिला सुपरवायझरच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, तेव्हा अंगठा कोण लावणार?

"म्हणजे दहा वाजता मी कंपनीत होते," रेणुका म्हणाली. "आणि तुमच्या कागदावर दहा वाजता मी घरी चटणी वाटत होते. कागद खरा म्हणाल तर तुमची हजेरी खोटी. तपासणीला येणारे हजेरी बघतातच ना?"

साहेबांचा मध जरा पातळ झाला. "पंचिंग चुकू शकतं, ताई. मशीन आहे शेवटी."

"मशीन चुकतं, ते मला माहीत आहे," ती म्हणाली.

मग साहेब तात्यांकडे वळले. "तात्या, तुम्ही घरमालक. तुम्हीच सांगा. घरी मिक्सरमध्ये झालं ना हे?"

तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांच्या मुलाचं सगळं बस्तान या माणसाच्या हातात होतं. ते बराच वेळ रेणुकाच्या पट्टीकडे बघत राहिले.

"तिच्या घरात मिक्सर न्हाई, साहेब," ते म्हणाले. "हाय तो मीच काल आणून दिला. अजून खोक्यात हाय."

तात्यांच्या तोंडून ते चुकून निसटलं की ठरवून आलं, हे मला आजही ठाऊक नाही. नंतर गाडीत मी विचारलं, तर म्हणाले, "खोटं बोलायचं तर नीट याद ठेवावं लागतंय, बाई. या वयात कुठं जमतंय."

साहेब उठून आत गेले. तासाभरानं ते एका वयस्कर मॅनेजरना घेऊन आले. मॅनेजर रेणुकाशी नजर न मिळवता बसले, कपाटातून अपघाताची नोंदवही मागवली आणि स्वतः लिहायला घेतलं. वही जवळजवळ कोरी होती. रेणुकानं एकच हट्ट धरला, की बटणाला चिकटपट्टी होती हेही लिहा. त्यांनी पेन खाली ठेवलं. ती बसून राहिली. त्यांनी पेन उचललं. शेवटी त्या नोंदीखाली तिनं पट्टीबाहेरच्या तीन बोटांत पेन धरून, सावकाश, ओठ दाबून सही केली. अक्षर वाकडं आलं. मला ते बघवेना म्हणून मी खिडकीबाहेर पाहायला लागले, आणि बाहेर तर काहीच नव्हतं, नुसती भिंत.

विम्याच्या दवाखान्यासाठी अपघाताचा अहवाल हातात घेऊनच आम्ही निघालो. फाटकाशी आलो तेव्हा वॉचमनला आतून फोन आला होता. तो स्टुलावर चढून पाट्या काढत होता. पहिली काढली, दुसरी काढली, तिसरी काढली आणि तिन्ही जागी लावायला शून्यं शोधायला लागला. शून्याच्या दोन पाट्या मिळाल्या, तिसरी मिळेना. तीन शून्यं बिचाऱ्याला कधी एकदम लागलीच नव्हती.

रेणुका थांबून बघत राहिली. मी म्हटलं, चल गं, ऊन आहे. ती म्हणाली, "थांबा, मिळू दे त्याला."

पंधरा मिनिटांनी त्यानं तिसरं शून्य खडूनं काढलं. मग आम्ही गाडीत बसलो.

बार्शी

परतून चार महिने झाले. शेजारपाजारचे विचारतात, काय बघितलंत? मी सांगते, उंच इमारती, रुंद रस्ते, मासवडी. एवढ्यावर त्यांचं समाधान होतं, आणि आपला देश जगात कितवा आला यावर ते आपसांत भांडायला मोकळे होतात.

परवा रेणुकाचा फोन आला. विम्याचं काम मार्गी लागलंय. एका कागदावर अजून सही अडली आहे, पण मिळेल. कंपनीनं तिला कामावर परत घेतलं, मालाची तपासणी करायला बसवलं. थोरल्याचं कॉन्ट्रॅक्ट टिकलं, पण तो अजून तात्यांशी धड बोलत नाही. तात्या म्हणे रोज संध्याकाळी हिच्याच ओट्यावर येऊन बसतात.

"आणि ती प्रेस?" मी विचारलं.

"चालू आहे. सगळ्या चिकटपट्ट्या काढल्या, बाई. आता दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय ठोकळा खाली येत नाही. तासाला नग कमी निघतात. सुपरवायझर रोज कुरकुरतो, उत्पादन घटलं म्हणतो."

"तुझ्या जागी कोण आहे?"

"नांदेडची एक पोरगी आहे. माझ्या समोरच बसते. साहेब तिचे नग मोजतात," ती म्हणाली. "मी बोटं मोजते. शिफ्ट सुटली की रोज. आजपण दहा होती."